दीड दिवसाची शाळा आणि अठ्ठावीस वर्षांची उमेदवारी

दरवर्षी १ ऑगस्ट जवळ आला की ठाण्यापासून कल्याण-डोंबिवली, उल्हासनगरपर्यंतच्या आपल्या वस्त्यांत साहित्यरत्न लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या जयंतीचे मंडप उभे राहतात. ढोलकी कडाडते, पोवाडे होतात, पाहुण्यांचे सत्कार होतात आणि मग भाषणे होतात. या भाषणांत एक गोष्ट हमखास सांगितली जाते. अण्णाभाऊ फक्त दीड दिवस शाळेत गेले आणि त्यांनी पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या. टाळ्या पडतात. वक्ता पुढे जाऊन सांगतो की ही उपजत देणगी होती, जन्मजात प्रतिभा होती, हा एक चमत्कारच होता. पुन्हा टाळ्या पडतात.

या टाळ्यांबद्दल आमची तक्रार आहे. चमत्कार म्हटले की माणसाने केलेले कष्ट दिसेनासे होतात. मंडपात मागच्या रांगेत बसलेला एखादा नववी-दहावीतला मुलगा किंवा कॉलेजात जाणारी मुलगी वहीत काहीबाही लिहीत असते. सकाळच्या लोकलला लोंबकळत कामाला जाणारा एखादा तरुण मोबाईलवर कविता खरडत असतो. त्यांच्यापर्यंत या भाषणातून काय पोहोचते? ज्याच्यात उपजत आहे तो लिहितो, ज्याच्यात नाही त्याने वही मिटावी, एवढेच. अण्णाभाऊंच्या नावाने हा निरोप जावा याइतका त्यांच्यावर दुसरा अन्याय नाही.

प्रतिभेचा हा वाद आजचा नाही. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाश’ या संस्कृत ग्रंथात काव्याच्या निर्मितीला शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तीन गोष्टी एकत्र लागतात असे सांगितले आहे. म्हणजे जुन्या पंडितांनीही केवळ उपजत शक्तीवर भागवलेले नव्हते. जगाचे, शास्त्रांचे, काव्याचे ज्ञान आणि जाणत्याच्या हाताखाली केलेला सराव त्यांनी आवश्यक मानला होता. मात्र यातली निपुणता आणि अभ्यास ज्या ठिकाणी मिळत होते त्या ठिकाणाची दारे कोणाला बंद होती हे वेगळे सांगायला नको. दारे बंद ठेवायची, मग आतल्यांच्या लेखनाला प्रतिभा म्हणायचे आणि बाहेरच्याने लिहिलेच तर त्याला एकतर चमत्कार म्हणायचे किंवा नुसता अनुभव म्हणायचे, ही प्रस्थापितांची जुनी रीत आहे. जन्माने मिळालेल्या गुणाची भाषा आपल्या समाजाने जातीच्या संदर्भात पुष्कळ ऐकली आहे. ती साहित्याच्या मंडपात आली तरी ओळखता आली पाहिजे.

म्हणून अण्णाभाऊंचे आयुष्य पुन्हा एकदा, चमत्कार बाजूला ठेवून, तारखांसह पाहू.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. हे गाव वाळवा तालुक्यात, तेव्हाच्या सातारा आणि आताच्या सांगली जिल्ह्यात. आई वालुबाई, वडील भाऊराव. मांग समाजात जन्म. त्या काळी मांग-रामोशांच्या माथी ब्रिटिश सरकारने गुन्हेगारीचा शिक्का मारलेला, चावडीवर हजेरीचा जाच असायचा, गावकुसाबाहेर राहायचे आणि गावकीची कामे करायची. वडील मुंबईत मोलमजुरी करून पैसे पाठवायचे. मुलगा शाळेत घातला गेला तो काही तासांपुरताच. गुरुजींचा मार बसला आणि शाळा सुटली ती कायमची. हीच ती दीड दिवसाची शाळा. एका मुलाला शिक्षण नाकारले गेल्याची ही घटना आहे. तिला आपण कौतुकाचा विषय केला आहे, हे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे.

१९३१ च्या सुमारास दुष्काळाने गाव सोडायला लावले. वडिलांबरोबर सारे कुटुंब वाटेगावहून मुंबईला पायी निघाले. वाटेत मिळेल ते काम करायचे, खायचे, पुढे चालायचे. हा प्रवास काही महिने चालला. मुलगा अकरा वर्षांचा होता. मुंबईत भायखळ्याच्या चाळीत आसरा मिळाला आणि मग कामांची रांग सुरू झाली. कोळसे वेचणे, फेरीवाल्याच्या मागे कापडाचे गाठोडे घेऊन फिरणे, हमाली, बूट पॉलिश, पुढे गिरणी.

हा मुलगा मुंबईत कोळसे वेचत होता तेव्हा कल्याणचे सार्वजनिक वाचनालय ६७ वर्षांचे झाले होते. त्याची स्थापना १८६४ ची. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चे, म्हणजे तेही चाळिशीला टेकलेले. मुंबईत तर ग्रंथालयांना तोटा नव्हता. या मुलाच्या वाट्याला आल्या त्या दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती.

पाटीवरून वाचायला शिकायचे म्हणजे नेमके काय करायचे, याचा आपण फारसा विचार करत नाही. समोर शिंप्याचे दुकान आहे, आत मशीन चालते आहे, म्हणजे वर जे लिहिले आहे त्यात शिंपी हा शब्द असणार. पुढच्या रस्त्याला दुसरे शिंप्याचे दुकान लागते, तिथेही तीच आकृती. अक्षराची ओळख पटली. मग तेच अक्षर तिसऱ्याच एका पाटीवर भलत्याच शब्दात दिसते. आधी अंदाज, मग ताडून पाहणे, चुकले की पुन्हा अंदाज. डोक्यावर गाठोडे आहे, मालक पुढे चालला आहे, थांबून पाहायला सवड नाही, म्हणून उद्या त्याच रस्त्याने जाताना ती पाटी पुन्हा पाहायची. सिनेमाची जाहिरात त्याहून सोयीची, कारण चित्रपटाचे नाव साऱ्या चाळीच्या तोंडी असायचे. जे तोंडी आहे तेच कागदावर मोठ्या अक्षरात. कोणी तरी शेजारी, कोणी तरी कामगार अडलेले अक्षर सांगत असेल. हा अभ्यास आहे. याला शाळेचे नाव नव्हते, हजेरीपट नव्हता, पण यात रोजचा सराव होता आणि रोजची परीक्षा होती. आपल्याकडे वामनदादा कर्डकांनीही तरुणपणी, मुंबईच्या कामगारवस्तीत, असेच उशिरा अक्षर गिरवले. पण शिक्षणावाचून लिहिता येते असा समज या दोघांच्या चरित्रांतून पसरवला जातो. शिक्षण मिळवण्यासाठी या दोघांनी जे केले ते आपल्यापैकी कितीजण करतील?

दुसरी शाळा तमाशाची. मुंबईतून काही काळ वाटेगावला परतल्यावर अण्णाभाऊ नात्यातल्या बापू साठे यांच्या फडात सामील झाले. पेटी, तबला, ढोलकी, बुलबुल अशी वाद्ये ते वाजवू लागले. पल्लेदार आवाज होता, पाठांतर जबर होते. पांढरपेशा समीक्षेने तमाशाला कधी विद्यापीठ मानले नाही, पण लेखकाला जे शिकावे लागते ते तिथे कठोरपणे शिकवले जाते. गण, गौळण, बतावणी, वग असा क्रम असतो. बतावणीत हजरजबाबीपणा लागतो, वगात गोष्ट पुढे सरकावी लागते. एखादा प्रवेश रेंगाळला की मागचे लोक उठतात, आणि ते उठताना सोंगाड्याला समोर दिसतात. छापील पुस्तकाच्या लेखकाला वाचक कुठल्या पानावर उठून गेला हे कधीच कळत नाही. फडातल्या माणसाला ते त्याच रात्री कळते. अण्णाभाऊंच्या कादंबरीत पहिल्या पानापासून प्रसंग का उभा राहतो, माणसे लांबलचक विचार करत का बसत नाहीत आणि संवाद तोंडात का बसतात, याचे उत्तर या फडात आहे.

तिसरी शाळा माटुंग्याचा लेबर कॅम्प. पुढे बाबूराव बागूलही याच लेबर कॅम्पात वाढले, ही नोंद जाता जाता करून ठेवावी. तिथे कम्युनिस्ट चळवळीतले कार्यकर्ते होते, आंबेडकरी चळवळीचे वारे होते, महाडच्या सत्याग्रहाच्या तयारीत पुढे असलेले आर. बी. मोरे यांच्यासारखे कार्यकर्ते या वस्त्यांतून काम करत होते. सभा, संप, मोर्चे, भिंतींवर घोषणा रंगवणे, पत्रके वाटणे, वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवणे. पाट्यांवरून अक्षर शिकलेला माणूस आता स्वतः भिंतीवर अक्षरे काढू लागला. इथेच त्यांनी वस्तीतल्या डासांवर एक रचना केली. विषय डासांचा! चंद्र नाही, प्रेयसी नाही. रात्रभर झोपू न देणारा डास. पहिल्या रचनेसाठी याहून योग्य विषय शोधून सापडला नसता, कारण ऐकणारा प्रत्येक माणूस त्याची साक्ष द्यायला तयार होता.

१९४३ मध्ये ‘स्टॅलिनग्राडचा पोवाडा’ आला आणि अण्णाभाऊ कामगारवस्त्यांत सर्वतोमुखी झाले. पाट्या वाचू लागल्यापासून बारा वर्षे झाली होती. वाटेगावच्या माणसाने व्होल्गाकाठच्या शहरातली लढाई पोवाड्यात बसवायची म्हणजे ती आधी समजून घ्यावी लागते. बातम्या वाचाव्या लागतात, नकाशा कळावा लागतो, परक्या नावांना मराठी चालीत बसवावे लागते. यात आवाज आणि लय ही देणगी म्हणा हवी तर, बाकी सगळे वाचन आहे.

याच काळात मॅक्झिम गॉर्की त्यांच्या वाचनात आला. अण्णाभाऊंना महाराष्ट्राचा गॉर्की म्हणतात ते उगाच नाही. गॉर्कीचीही शाळा लहानपणीच सुटली. व्होल्गा नदीवरच्या बोटीत तो भांडी धुवायचा आणि तिथल्या स्वयंपाक्याने त्याला पुस्तकांची गोडी लावली. दोघांच्याही आयुष्यात पुस्तक उशिरा आले आणि भाकरीच्या कामातून चोरलेल्या वेळात आले.

१९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. गावोगाव, गिरणगावात, कामगारांच्या मैदानांवर कार्यक्रम होऊ लागले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘माझी मुंबई’ अशी वगनाट्ये या काळातली. इथे त्यांनी केलेला एक बदल फार महत्त्वाचा आहे. तमाशाच्या गणात गणपतीला वंदन असते. अण्णाभाऊंनी तिथे मातृभूमीला, हुतात्म्यांना, श्रमिकांना वंदन आणले. गौळण काढून टाकली. रूप ठेवले, ठेका ठेवला, आतला माल बदलला. हे ज्याला करता येते त्याला त्या कलेचे सगळे सांधे माहीत असावे लागतात, कारण कुठला खिळा काढला तर सांगाडा कोसळेल आणि कुठला काढला तरी चालेल हे वर्षानुवर्षे हाताळल्याशिवाय कळत नाही. मुंबई सरकारने तमाशावर आणि कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली तेव्हा त्यांनी तोच खेळ लोकनाट्य या नावाने उभा केला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड घराघरात पोचली. मुंबईला कामासाठी आलेल्या माणसाचा घराचा विरह आणि मुंबईवाचून अपुरा महाराष्ट्र ही दोन दुःखे त्यांनी एका गाण्यात एकत्र आणली.

२ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन अण्णाभाऊंच्या हस्ते झाले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तरलेली नसून दलित-श्रमिकांच्या हातावर तरलेली आहे, या आशयाची त्यांची मांडणी तेव्हापासून आजतागायत आपल्या सभांतून सांगितली जाते. पण त्या भाषणाचा दुसरा भाग तितकासा सांगितला जात नाही. दलितांचे जीवन लिहिणाऱ्याने ते जवळून जाणले पाहिजे, त्या माणसांशी इमान राखले पाहिजे, नुसती कल्पना भरारी मारून भागणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. प्रतिभेचा विषय त्यांच्या स्वतःच्या डोक्यात किती स्पष्ट होता ते यावरून दिसते.

१९५९ मध्ये ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली. ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. लक्षात घ्या, अर्पण लेखणीला आहे. बाबासाहेबांची लेखणी कशी घडली हे अण्णाभाऊंना माहीत होते. राजगृहातले ग्रंथ, रात्र-रात्र चाललेले वाचन, एकेका लेखासाठी केलेली तयारी ही काही देवाची देणगी नव्हती. १९६१ मध्ये ‘फकिरा’ला महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार मिळाला.

आता हिशेब मांडू. १९३१ मध्ये पाट्या वाचू लागलेला मुलगा १९५९ मध्ये ‘फकिरा’ देतो. मध्ये अठ्ठावीस वर्षे गेली. फकिराची कथा, त्याचा बाप राणोजी, जोगणीचा प्रसंग हे सगळे त्यांच्या आजोळच्या, भोवतालच्या माणसांनी सांगितलेले होते, म्हणजे माल लहानपणापासून हाताशी होता. प्रतिभा जन्मजात असेल तर तीही होती. मग कादंबरी विसाव्या वर्षी का आली नाही? कारण त्या माणसाला आधी अक्षर, मग पद, मग पोवाडा, मग वग, मग कथा असे एकेक पायरीने चढावे लागले. तयारी झाली तेव्हा तो एकोणचाळीस वर्षांचा होता.

‘स्मशानातील सोनं’ ही त्यांची कथा ज्यांनी वाचली नसेल त्यांनी हा लेख बाजूला ठेवून ती आधी वाचावी. गावाकडचा धिप्पाड भीमा मुंबईच्या उपनगरात दगडाच्या खाणीवर काम करतो. खाण बंद पडते. भुकेला भीमा राखेत सोने सापडल्यावर प्रेते उकरून सोने काढू लागतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात. बोटे जातात आणि खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. ठाणे जिल्ह्याच्या डोंगरांत ज्यांनी खाणी पाहिल्या, खडी फोडणारी माणसे पाहिली त्यांना भीमा ओळखीचा वाटेल. या कथेत भूक, भीती, रात्र, कोल्हे हे सारे अनुभवातून आलेले असेल. पण खाणीची बातमी शेवटी आणायची, आधी आणायची नाही, हे अनुभव सांगत नाही. पहारीला आणि दगडाला लागणारी बोटेच गमावल्यावर काम परत मिळते, ही मांडणी लेखकाची आहे. अशा लेखकाबद्दल त्याने नुसता अनुभव लिहिला असे म्हणणारे समीक्षक झाले. त्याला प्रचारकी म्हणणारेही झाले. वाङ्मयेतिहासात बराच काळ चार ओळींत त्याची बोळवण झाली.

मग अण्णाभाऊंत उपजत काही नव्हते का? होते, आणि ते नाकारण्याचा आमचा हेतू नाही. त्याच पाट्यांखालून हजारो मुले गेली, सारीच लेखक झाली नाहीत. एकदा ऐकलेले न विसरणारा कान आणि माणूस पाहताच त्याची लकब टिपणारी नजर त्यांच्याकडे होती. पण एक गोष्ट पाहा. त्यांचे धाकटे बंधू शंकर भाऊ साठे हेही शाहीर झाले, लेखक झाले, आणि त्यांनी ‘माझा भाऊ अण्णाभाऊ’ हे चरित्र लिहिले. उपजत देणगी दोघा भावांत वाटली गेली असे म्हणायचे, की घरात एकाने लिहायला सुरुवात केली म्हणून दुसऱ्याच्या हाताला धीर आला असे म्हणायचे? आमचा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे. लेबर कॅम्पात एकाला पाहून दुसरा लिहू लागतो, चाळीत एकाचे गाणे ऐकून दुसरा चाल लावतो. वस्तीत एक लेखक झाला की वस्तीची अक्षराशी भीड चेपते.

शिवाय कष्टाची बाजू घेताना कष्टाचे दुखणेही सांगितले पाहिजे. शेवटच्या दहा वर्षांत अण्णाभाऊंनी भराभर लिहिले. लेखणीवर घर चालत होते. या काळातल्या काही कादंबऱ्यांत नायक एकाच साच्याचा वाटतो, देखणी आणि बाणेदार नायिका पुन्हा पुन्हा भेटते, शेवट घाईने उरकलेला दिसतो. भक्तिभावाने हे झाकायचे कारण नाही. चांगले लिहायला सराव लागतो तशी उसंतही लागते, आणि ती त्यांना कधी मिळाली नाही. वि. स. खांडेकर किंवा ना. सी. फडके यांनी पुस्तक पुन्हा हातात घेऊन तपासायचे ठरवले तर घरातली चूल बंद पडत नव्हती. प्रतिभेच्या तुलना करणाऱ्यांनी हा फरकही जमेस धरावा.

ठाण्यात डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले तेव्हा अध्यक्षपदी उत्तम कांबळे होते, लहानपणी वर्तमानपत्रे विकलेले. डोंबिवलीत फेब्रुवारी २०१७ मध्ये संमेलन झाले. या दोन्ही वेळी पुस्तकांच्या दालनांत आपल्या वस्त्यांतली पोरे फिरताना दिसत होती, पुस्तके उलटून किंमत पाहून परत ठेवत होती, काही विकतही घेत होती. यांच्यातल्या कोणाला तू उपजत लेखक आहेस की नाहीस असे विचारायचा अधिकार कोणाला आहे? विचारायचेच असेल तर काय वाचतोस, रोज किती लिहितोस, लिहिलेले कोणाला वाचून दाखवतोस, हे विचारावे. आणि ते जयंतीच्या मंडपातच विचारावे, कारण तिथे ढोलकीच्या शेजारी एक टेबल टाकून पुस्तके ठेवायला फारसा खर्च येत नाही. काही मंडळे आता हे करतात. बाकीच्यांचा पैसा डीजेवर जातो.

१९६१ मध्ये अण्णाभाऊ रशियाला जाऊन आले. ‘माझा रशियाचा प्रवास’ हे त्यावरचे पुस्तक. परत आले ते घाटकोपरच्या चिरागनगरातल्या त्याच झोपडीत. ‘वैजयंता’, ‘वारणेचा वाघ’ अशा त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, पण झोपडी सुटली नाही. बहुतेक मोठे लेखन याच झोपडीत झाले. गळणारे छप्पर, बाहेर नळावरची भांडणे, आत वळकटीवर कागद. १९६८ मध्ये गोरेगावच्या सिद्धार्थनगरात सरकारी घर मिळाले. तिथे ते वर्षभरच राहिले. १८ जुलै १९६९ रोजी, वयाची एकोणपन्नास वर्षे पूर्ण व्हायला दोन आठवडे उरले असताना, ते गेले.

२००२ मध्ये त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले, चार रुपयांचे. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. तो बसला आहे तिथल्या परकीय साहित्याच्या ग्रंथालयात.